पावलं तिथंच राहिली होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही आठवडे तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये वाघनखं आणि रघुजी भोसल्यांची तलवार यावर जी चर्चा चाललीय ती मी रोज वाचतेय. कुणी म्हणतं तीन वर्षांच्या बोलीवर आणलेली वस्तू म्हणजे आपली कशी झाली, कुणी म्हणतं आली हेच खूप झालं. २०२४ च्या जुलैमध्ये वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा मी पण भाचीच्या मुलांना घेऊन रांगेत उभी राहिले होते आणि काचेसमोर गेल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता हे खरं. तलवारीचं तर २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला लिलाव झाला आणि राज्य सरकारने ४७ लाखांच्या आसपास पैसे मोजून ती घेतली. म्हणजे बघा, एक वस्तू उसनी आली आणि दुसरी विकत आली. पण "ही तुमची होती, चुकून आमच्याकडे राहिली, घ्या परत" असं म्हणून कुणी काही दिलंय असं यात कुठंच झालेलं नाही. तसं होतं का कधी जगात, तर होतं, आणि ते मी कंबोडियात बघून आलेय म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. रिटायर झाल्यावर आम्ही आठ जणी मैत्रिणी व्हिएतनाम-कंबोडियाच्या टूरला गेलो. अंगकोर वाट सगळेच बघतात, त्याबद्दल मी काय वेगळं सांगणार. पण टूरच्या शेवटी नॉम पेन्हला अर्धा दिवस होता आणि त्यात तिथलं नॅशनल म्युझियम होतं. तांबड्या रंगाची इमारत, खमेर, म्हणजे कंबोडियातल्या, देवळासारखी चढती छपरं, मध्ये चौक आणि चौकात कमळाची तळी. १९२० सालचं म्युझियम आहे हे. बाकीच्या जणी मार्केटला गेल्या आणि मी एकटी आत शिरले.

आत दुर्योधन उभा होता.

खरंच सांगते, दुर्योधन. पूर्ण माणसाएवढा, वालुकाश्मातला, गुडघे वाकवून आता उडी मारतोय असा, आणि समोर भीम. गदायुद्ध! आपल्याकडे कीर्तनात लहानपणापासून ऐकलेलं, मांडीवर थाप मारून केलेली ती खूण, त्यानंतर चिडून नांगर उचलणारा बलराम, सगळं डोळ्यासमोर आलं. म्हणजे दहाव्या शतकात, आपल्यापासून हजारो किलोमीटरवर, जंगलात कोणीतरी शिल्पकार बसून आपल्याच गोष्टीतला तो एक क्षण पकडतोय. नऊ मूर्तींचा तो एक सबंध देखावाच होता. भीम-दुर्योधन मध्ये आणि बाकीचे भोवती बघत बसलेले. जागा म्हणाल तर कोह केर, अंगकोरच्या ईशान्येला ८०-९० किलोमीटरवर. चौथा जयवर्मन नावाच्या राजाने अंगकोर सोडून राजधानी इथं केली होती, ९२८ ते ९४४ ती इथं होती. त्यातलं एक देऊळ प्रासात चेन, त्याच्या पश्चिमेच्या गोपुरात हा देखावा होता.

चित्रकलेची माणूस म्हणून मला एक गोष्ट तिथं लगेच दिसली. साधारणपणे दगडाची उभी मूर्ती करताना शिल्पकार मागं आधार ठेवतो, नाहीतर पाय एवढे जाड करतो की वजन पेलावं. कोह केरच्या लोकांनी ते केलं नाही. त्यांनी मूर्ती मोकळी उभी केली, हालचालीत, आणि सगळा भार दोन घोट्यांवर घेतला. केवढी हिंमत लागते याला! आणि नेमक्या त्याच घोट्यांपाशी चोरांनी मूर्ती तोडली.

१९७० च्या सुमारास कंबोडियात यादवी पेटली, मग १९७५ ते १९७९ ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेची जुलमी राजवट, त्यानंतरही वर्षानुवर्षं लढाई. त्या काळात जंगलातल्या देवळांना वालीच राहिला नाही. मूर्ती तोडायची, बैलगाडीत घालायची, थायलंडची हद्द पार करायची, तिथून बँकॉकचा व्यापारी आणि मग लंडन न्यूयॉर्क. दुर्योधनाची मूर्ती १९७५ साली लंडनला विकली गेली. पण पावलं! पावलं चौथऱ्यावर तशीच चिकटून राहिली. जंगलात, पानांखाली, कुणी न बघता, चाळीस वर्षं. सव्वादोनशे किलोचा देह बेल्जियममधल्या एका संग्राहकाच्या घरी आणि त्याची पावलं कोह केरला.

मग एरिक बुर्दोनो नावाच्या फ्रेंच पुरातत्त्व अभ्यासकाने त्या चौथऱ्यांचा आणि परदेशातल्या मूर्तींचा मेळ घालायला सुरुवात केली. कुठला घोटा कुठं बसतो, पाय किती अंतरावर आहेत, कुठल्या दिशेला वळलेत. २०११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या सदबीजने दुर्योधन लिलावाला काढला, कॅटलॉगच्या कव्हरवर त्याचाच फोटो, अंदाज २० ते ३० लाख डॉलरचा, आणि ऐन लिलावाच्या दिवशी कंबोडियाचं पत्र गेलं की थांबा. सदबीजने मूर्ती लिलावातून काढली. पुढं २०१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने कोर्टात दावा लावला, २०१३ च्या डिसेंबरला तडजोड झाली, सदबीजने काही चूक कबूल केली नाही पण मूर्ती परत गेली. भीम होता कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये, १९७६ पासून. तो त्यांनी दिला. बलराम क्रिस्टीज या दुसऱ्या लिलाव कंपनीकडून आला. २०१४ च्या जूनमध्ये तिघांचं नॉम पेन्हला एकत्र स्वागत झालं.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमची गोष्ट तर आणखी बघण्यासारखी आहे. त्यांच्या आग्नेय आशिया दालनाच्या दाराशी दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेल्या दोन मूर्ती होत्या, त्यासुद्धा याच देखाव्यातल्या, काही अभ्यासक त्यांना पांडवांपैकीच दोघं मानतात. म्युझियमला त्या कशा मिळाल्या? तुकड्यांनी. आधी डोकी देणगी म्हणून आली आणि नंतर १९९२ ला धडं आली. १९८७ ते १९९२ अशी पाच वर्षं. आता मला सांगा, एका माणसाकडून डोकं येतंय आणि काही वर्षांनी त्याच मूर्तीचं धड येतंय, तर घेणाऱ्याच्या मनात प्रश्न नको का यायला की बाबा हे तोडलं कोणी? मेटने २०१३ ला त्या दोन्ही परत केल्या, आणि नुसतं कोर्टाच्या भीतीने नाही, कंबोडियाने दाखवलेला पुरावा बघून दिल्या, याबद्दल मी त्यांना मानते. क्लीव्हलंड म्युझियमने तर २०१५ ला हनुमान परत दिला, तोही प्रासात चेनचाच. तिथं खोदकामात चौथरा सापडला आणि मूर्ती त्यावर जुळली. पुढच्या वर्षी डेन्व्हरच्या म्युझियमने रामाचं धड दिलं. मारुतीच्या मागोमाग राम घरी आला हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

या देणग्यांच्या कागदांत एक नाव सारखं सारखं येतं, डग्लस लॅचफर्ड. हा माणूस जन्माने मुंबईचा. १९३१ साली मुंबईत जन्मलेला इंग्रज, १९५० च्या दशकात बँकॉकला गेला आणि पुढं खमेर शिल्पांचा जगातला सगळ्यात मोठा जाणकार म्हणून मान मिळवला. पुस्तकं काढली, म्युझियमना मूर्ती दिल्या, खुद्द कंबोडियाने २००८ ला त्याला मोठा किताब दिला. आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्याच्यावर आरोप ठेवले की चोरीच्या मूर्तींचे खोटे कागद, खोटी मालकी, खोटी बिलं बनवून यानेच त्या विकल्या. खटला चालायच्या आधीच २०२० च्या ऑगस्टला तो वारला त्यामुळे कोर्टाचा निकाल काही लागला नाही. पण त्याच्या मुलीने पुढच्या वर्षी शंभराच्या वर वस्तू कंबोडियाला द्यायचं जाहीर केलं, किंमत ५ कोटी डॉलरच्या वर. सोन्याचे खमेर दागिने, ७७ नग, ते लंडनमध्ये पडून होते ते २०२३ ला पोचले. त्याच वर्षी डिसेंबरला मेटने आणखी १४ मूर्ती कंबोडियाला आणि २ थायलंडला द्यायचं ठरवलं, सगळ्यांचा संबंध याच माणसाशी.

आणि दुसरं टोक म्हणजे तो चोर. तोएक तिक असं नाव, तपास करणाऱ्यांनी त्याला लायन असं सांकेतिक नाव दिलेलं. लहान असताना ख्मेर रूजने उचलून नेलेलं पोर, पुढं टोळी घेऊन देवळं फोडायला लागला. म्हातारपणी त्याला ते सोसेना. कंबोडिया सरकारसाठी काम करणाऱ्या वकिलांच्या टीमला त्याने स्वतः जंगलात नेऊन खड्डे दाखवले, फोटो बघून सांगितलं की हो ही मूर्ती मी काढली, इथून काढली, अशी पडली होती. म्युझियमच्या मोठमोठ्या क्युरेटर लोकांना जे माहीत नव्हतं, किंवा ज्यांना विचारायचं नव्हतं, ते या माणसाला तोंडपाठ होतं. २०२१ ला कॅन्सरने गेला. त्याने केलेलं पाप मी कमी लेखत नाही, पण जाताना त्याने जागा सांगितली. लॅचफर्डने कधीच सांगितली नाही. मला या दोघांत फार मोठा फरक वाटतो.

संपादक महाशय, माझं सगळं म्हणणं या एका शब्दापाशी येऊन थांबतं. जागा. मूर्ती कुठं होती, कुठल्या कोनाड्यात, कुठल्या चौथऱ्यावर, कुणाकडे तोंड करून. ते माहीत असेल तर मूर्ती परत येते, कधी ना कधी येते, आणि ते माहीत नसेल तर जगातलं सगळ्यात चांगलं सरकार आणि सगळ्यात चांगला वकील पण काही करू शकत नाही. म्युझियमच्या काचेखाली लेबल असतं, "वालुकाश्म, कंबोडिया, १० वं शतक, अमुक यांची देणगी". दगड कुठला ते लिहिलंय, शतक लिहिलंय, देणाऱ्याचं नाव तर आवर्जून लिहिलंय, पण गावाचं नाव नाही, देवळाचं नाव नाही आणि तिथून इथवर कशी आली ते नाही. क्युरेटर या माणसाचं काम नुसतं दिवे लावून वस्तू सुंदर मांडणं एवढंच आहे असं आपल्याला वाटतं. पण खरं काम त्या रजिस्टरमध्ये असतं, कुठून आली, कुणी आणली, कधी, कुठल्या कागदावर. १९७० ला युनेस्कोचा करार झाला त्याच्यानंतर देशाबाहेर पडलेल्या वस्तूला कागद मागायचे हे सगळ्या चांगल्या म्युझियमनी हळूहळू मान्य केलं, पण करारावरची सही आणि तळघरातली कपाटं उघडून बघणं यात फार वर्षं गेली. मेटने खास माग काढणाऱ्या लोकांची टीम वाढवायचं जाहीर केलं तेच मुळी २०२३ ला.

डचांनी बघा काय केलं. पूर्व जावात सिंगासारी म्हणून देऊळ आहे, मलंग शहराजवळ. १८०४ मध्ये एका डच अधिकाऱ्याने तिथल्या मूर्ती उचलल्या आणि पुढं त्या हॉलंडला गेल्या, दुर्गा, महाकाल, नंदीश्वर, गणेश. दोनशे वर्षं त्या लायडनच्या म्युझियमची शान होत्या. २०२३ च्या जुलैमध्ये त्या चौघांना आणि लोंबोक बेटावरच्या राजवाड्यातल्या लुटीच्या ३३५ वस्तू धरून एकूण ४७२ वस्तू इंडोनेशियाला देऊन टाकल्या. पुढच्या वर्षी भैरव, नंदी, ब्रह्मा आणि आणखी एक गणपती गेला. यात चोरीचा व्यापारी नाही, कोर्ट नाही, त्यांचं त्यांनी कमिशन नेमून ठरवलं की जे जबरदस्तीने आणलंय ते मागितलं तर द्यायचं. उसनं नाही, विकत नाही. इंग्लंडचं तसं नाही. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने वस्तू सोडायला जवळजवळ बंदीच आहे आणि वाघनखं ज्यांच्याकडची आहेत त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला १९८३ च्या कायद्याने. म्हणून तीन वर्षांचं उसनं. तुमच्या पत्रलेखकांनी साताऱ्याच्या लोकांवर आणि आपल्या अधिकाऱ्यांवर राग काढलाय तो मला पटत नाही, राग त्या कायद्यावर हवा.

"तिथं सुरक्षित तरी आहेत" हे वाक्य पण दोन पत्रांत वाचलं. हे वाक्य ऐकलं की मला फार त्रास होतो. हो, जकार्ताच्या नॅशनल म्युझियमला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आग लागली, आणि हो, नॉम पेन्हचं म्युझियम ख्मेर रूजच्या काळात बंद पडलं, तिथली माणसं मारली गेली, छप्पर खचलं, पुढं कित्येक वर्षं माळ्यावर वटवाघळांचा मुक्काम होता आणि मूर्तींवर घाण पडत होती. पण त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या, गहाळ झाल्या किंवा खराब झाल्या हे बाहेर आलं ना? त्यातल्या किती वस्तूंची धड नोंदच नव्हती म्हणून कळायलाच वर्षं गेली. मग सुरक्षित म्हणजे नेमकं कुठं? आणि मी त्या तांबड्या इमारतीत जे बघितलं ते सांगते. एक म्हातारी बाई दुर्योधनाजवळच्या एका मूर्तीपुढे आली, मोगऱ्यासारख्या फुलांची छोटी माळ ठेवली, हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. कुणी तिला हटकलं नाही. न्यूयॉर्कच्या दालनात ती फुलं कुणी ठेवली असती?

आता आपल्याकडे येते, कारण पत्र त्यासाठीच आहे.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर दगडाचा हत्ती आहे, तो कित्येक मुंबईकरांनी लहानपणी बघितलाय पण तो तिथला नाही हे फार कमी जणांना माहीत असतं. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ च्या सुमारास तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ ला जोडून उभा केला. क्रेन मोडली नसती तर आज आपण त्याच्यावर पण पत्रं लिहीत बसलो असतो. आणि आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा, सर दोराबजी टाटा यांनी दिलेल्या नेपाळ तिबेट चीन जपानच्या सुंदर वस्तू आहेत, मी विद्यार्थ्यांना घेऊन कित्येक वेळा गेलेय, त्या वस्तूंनी माझ्या मुलांचे हात घडवले. म्हणून प्रेमानेच म्हणते की आपल्या म्युझियमच्या लेबलवर पण ही वस्तू इथवर कशी आली याची एक ओळ असावी. मागणारे आपण असू तर आपण पण सांगायला तयार हवं.

पण म्युझियम पुढची गोष्ट. खरी काळजी गावांची आहे.

माझ्या माहेरच्या गावाला वेशीबाहेर एक जुनं देऊळ होतं, तिथं काळ्या दगडातली हातभर उंचीची विष्णूची मूर्ती. आम्ही नुसतं नारायण म्हणायचो. वरच्या उजव्या हातातलं चक्र अर्धं झिजलेलं आणि गुडघ्याशी एक टवका उडालेला, लहानपणी आम्ही पोरी त्या टवक्यात तुळशीचं पान बसवायचो, ते बसायचं बरोब्बर. २००३ ला देवळाचा जीर्णोद्धार काढला. जुने वीरगळ पायरीला लागले, खांब बाजूला टाकले, नवीन संगमरवरी मूर्ती जयपूरहून आली आणि नारायण तात्पुरता मागच्या पडवीत ठेवला. एक दिवस नव्हता. वडील आणि गावातले चार जण तक्रार द्यायला गेले तर तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, फोटो आहे का? नव्हता. माप? हातभर. रंग? काळा. वर्षं? खूप जुना. एवढंच त्या कागदावर लिहिलं गेलं. आणि मी चित्रकलेची शिक्षिका, दर मे महिन्याला त्या देवळात जाणारी, मी आयुष्यात एकदा पण पेन्सिल घेऊन तो नारायण काढला नव्हता. या गोष्टीचं मला आजही झोपेत दचकायला होतं.

आता उलटं बघा. तमिळनाडूत श्रीपुरंदनचा नटराज चोरीला गेला, २००८ ला ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने तो ५० लाख डॉलरला घेतला. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या लोकांनी १९९४ मध्येच त्या देवळात जाऊन त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो फोटो समोर ठेवला, झिजलेल्या खुणा जुळवल्या आणि २०१४ ला नटराज परत आला. थायलंडच्या फानोम रुंगच्या देवळाची शेषशायी विष्णूची गणेशपट्टी, म्हणजे दाराच्या वरचा कोरीव दगड, शिकागोच्या म्युझियममध्ये सापडली, लोक रस्त्यावर उतरले आणि १९८८ ला परत आली. सॅन फ्रान्सिस्कोहून तशाच दोन पट्ट्या २०२१ ला थायलंडला परत गेल्या, आणि त्या जागेवर होत्या हे दाखवणारे जुने सरकारी फोटो होते म्हणून गेल्या. कंबोडियाकडे फोटो नव्हते तर पावलं होती. आमच्या नारायणाची पावलं पण गेली, तो बैठकीसकट उचलला.

म्हणून मला काय म्हणायचंय, तुम्ही एक उपक्रम करा. वाचकांना सांगा की आपापल्या गावातल्या जुन्या मूर्ती, वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, देवळातल्या जुन्या समया, घंटा, जे काय असेल त्याचे फोटो काढा. नुसता हार घातलेला, कुंकू फासलेला समोरचा एक फोटो चालत नाही. पुजाऱ्यांना विचारून, अभिषेकानंतर मूर्ती उघडी असते तेव्हा काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, शक्य असेल तर मागून. शेजारी फूटपट्टी ठेवा. जिथं टवका उडालाय, बोट तुटलंय, कुणी नाव कोरलंय त्याचे जवळून काढा, कारण ओळख पटते ती सौंदर्यावरून नाही, मोडतोडीवरून. जगभर पोलीस आणि म्युझियमवाले वापरतात तो ऑब्जेक्ट आयडी नावाचा नमुना आहे त्यात पण हेच विचारतात, कशाची आहे, माप किती, खुणा काय. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक देवस्थानच्या दप्तरात, एक जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. मात्र पेपरात छापताना गावाचं नाव छापू नका. चोर पण पेपर वाचतात आणि कुठं काय उघड्यावर आहे ते आपण त्यांना सांगायचं नाही. नाव तुमच्या ऑफिसात राहू द्या. १०० वर्षांहून जुनी मूर्ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही असा आपला १९७२ चा कायदा आहे, चांगला आहे, पण जिची नोंदच नाही ती बाहेर गेली हे त्या कायद्याला कळणार कसं?

आणि जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळांना हात जोडून विनंती, जुना देव हलवायच्या आधी पाच मिनिटं द्या. प्रत्येकाच्या खिशात आता कॅमेरा आहे. २००३ ला नव्हता, आता आहे.

शेवटचं. कंबोडियाहून आल्यावर मी माहेरचे सगळे जुने अल्बम काढले. चुलत बहिणीचं लग्न १९८८ चं, तिचा अल्बम तिच्या सासरी, तिथून मागवून घेतला. त्यात लग्न लागल्यावर नवरानवरी वेशीबाहेरच्या देवळात पाया पडायला गेलेत तो एक फोटो आहे. बहीण वाकलीय, तिच्या मुंडावळ्या पुढं आल्यात, फ्लॅशमुळे नवऱ्याचा फेटा पांढराफटक दिसतोय आणि त्या दोघांच्या मधल्या वीतभर जागेतून नारायण दिसतोय. चेहरा नाही दिसत, तो बहिणीच्या डोक्यामागे गेलाय. पण गुडघा दिसतो, आणि गुडघ्यावरचा टवका दिसतो. त्या दिवशी पण कुणीतरी त्यात तुळशीचं पान बसवलेलं आहे.

तो फोटो मोठा करून घेतला, एक प्रत तक्रारीच्या जुन्या नंबरासकट पोलिसांकडे दिली, एक पुरातत्त्व खात्याकडे, आणि एक सोबत तुम्हाला पाठवतेय. उपक्रम सुरू केलात तर पहिला हा छापा. बहिणीने परवानगी दिलीय.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, ठाणे